‘रोख परत’ असे सांगून गिफ्ट कार्ड पाठवले, हा परतावा मी मान्य करावा का?

जिंतूरकर शिक्षिका (जि. परभणी)

नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात आमच्या गावात कित्येक रात्री वीज नव्हती. घरात सासूबाईंना दम्यासाठी नेब्युलायझर लावावा लागतो, त्यामुळे इन्व्हर्टर घेणे पुढे ढकलण्याजोगे राहिले नव्हते. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, परभणीच्या एका दुकानातून इन्व्हर्टर आणि बॅटरी असा जोड घेतला. पावती २४,३०० रुपयांची झाली. सोयाबीन पाण्याखाली गेलेले होते, हाताशी रक्कम नव्हती, म्हणून दहा हप्त्यांवर घेतला.

दुकानाच्या काचेवर आणि कंपनीच्या पत्रकावर ठळक मराठी अक्षरांत ‘२,५०० रुपये रोख परत’ असे छापलेले होते. विक्रेत्याने कागदावर आकडेमोड करून दाखवली आणि “ताई, तुम्हाला हा जोड २१,८०० लाच पडतो” असे सांगितले. शेजारीच दुसऱ्या कंपनीचा तसाच जोड कसल्याही योजनेविना २२,६०० ला मिळत होता. परतावा नसता तर मी तोच घेतला असता. हे मुद्दाम नोंदवते, कारण माझी सगळी तक्रार याच ठिकाणी सुरू होते.

पैसे परत मिळवण्याची रीत पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत होती. खरेदीपासून पंधरा दिवसांच्या आत पावतीची प्रत, बॅटरीच्या खोक्यावरची बारकोडची मूळ पट्टी कापून, वॉरंटी नोंदणीच्या संदेशाची छापील प्रत, आधारची प्रत आणि रद्द केलेला धनादेश असे सगळे पोस्टाने परराज्यातल्या एका पत्त्यावर पाठवायचे होते. तो पत्ता कंपनीचा नव्हता, दावे तपासण्याचे कंत्राट घेतलेल्या एका एजन्सीचा होता. मी ११ ऑक्टोबरला स्पीड पोस्टाने पाकीट पाठवले आणि पावती जपून ठेवली. पैसे ‘९० कामकाजाच्या दिवसांत’ मिळतील असे लिहिले होते. शनिवार, रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वगळल्या की ते सव्वाचार महिन्यांच्याही पुढे जाते, हे मी घरी कॅलेंडर घेऊन मोजले तेव्हा लक्षात आले. मध्येच डिसेंबरात ‘पावती अस्पष्ट आहे, सात दिवसांत पुन्हा पाठवा’ असा संदेश आला, तो योगायोगाने वेळेवर वाचला म्हणून दावा वाचला.

अखेर ‘दावा मंजूर, परतावा पाठवला आहे’ असा संदेश आला. मी दोन वेळा बँकेत जाऊन पासबुक भरून आणले, तर जमा काहीच नाही. टोल-फ्री क्रमांकावर चौकशी केली तेव्हा कळले की रक्कम खात्यात भरलेलीच नाही, ती गिफ्ट कार्डाच्या रूपात ई-मेलवर पाठवली आहे. तो ई-मेल पत्ताही माझा नव्हता. वॉरंटीची नोंदणी दुकानातल्या मुलाने केली होती आणि तिथे दुकानाचा पत्ता भरला होता. त्याने बिचाऱ्याने शोधून ते पत्र मला पाठवले. कार्ड एकाच ऑनलाइन दुकानात चालते, सगळी रक्कम एकाच खरेदीत वापरावी लागते, मुदत पाठवल्यापासून ६० दिवसांची आहे, आणि माझ्या हातात ते आले तेव्हा त्यांतले २३ दिवस सरले होते. ते दुकान आमच्या पिनकोडवर माल पोचवत नाही.

फोनवरच्या मुलीने शांतपणे सांगितले की अटींमध्ये ‘किंवा समतुल्य मूल्याचे व्हाउचर’ असे शब्द आहेत. मी तिला एकच विचारले की रक्कम खात्यात भरायचीच नव्हती, तर माझा रद्द केलेला धनादेश कशासाठी मागवून घेतला. त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. दरम्यान माझे हप्ते पूर्ण २४,३०० वर चालू आहेत, म्हणजे जे २,५०० मला परत मिळणार होते त्यांवरचेही व्याज मी भरते आहे.

मला विचारायचे आहे ते असे. हे कार्ड मी स्वीकारल्यासारखे होऊ नये म्हणून काय करावे? ‘रोख’ या शब्दाला कायद्यात काही वजन आहे का? आणि दुकानदाराला यात ओढावे का? तो माणूस मला वाईट वाटत नाही, पण २१,८०० हा आकडा त्याच्याच दुकानात मला सांगितला गेला.

---

निवृत्त बँक अधिकारी, नांदेड

ताई, तुम्ही पोस्टाची पावती जपलीत आणि तारखा लिहून ठेवल्यात, यामुळे तुमचे अर्धे काम झालेले आहे. पैसे देण्याच्या साधनांबद्दल मला जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो, कारण अशा योजनांत रक्कम किती यापेक्षा ती कशातून दिली जाते यावरच ग्राहकाचे पैसे मिळणे वा बुडणे ठरते, असे मी नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांत पाहिले आहे.

पूर्वी असे परतावे धनादेशाने येत. धनादेशाची मुदत १ एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. धनादेशावरच्या तारखेनंतर तो साध्या टपालाने महिनाभर फिरत यायचा, गावात पोस्टमन दोन दिवसांआड यायचा, आणि शेतकरी तो घेऊन शाखेत येईपर्यंत मुदतीचे थोडेच दिवस उरलेले असायचे. दुसरी अडचण नावाची. पावतीवर दुकानदाराने ‘वैजनाथराव’ लिहिलेले, खात्यात ‘बैजनाथ’, आणि धनादेश पावतीवरच्या नावाने काढलेला, म्हणजे तो जमा करता येत नसे. पत्र लिहून नवा मागवा म्हटले की बहुतेक लोक हात जोडून निघून जात. ती माणसे शाखेच्या दारातून परत जाताना मी पाहिली आहेत आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

थेट खात्यात पैसे भरण्याची पद्धत आली तेव्हा हे मिटेल असे वाटले होते, पण आपल्या भागात तिथेही एक खोच होती. स्टेट बँक ऑफ हैदराबादची खाती इथे घरोघरी होती आणि ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले, मात्र लोकांच्या कपाटात जुनी चेकबुके तशीच राहिली. अशा जुन्या पानावर रेघ मारून दाव्यासोबत जोडले की पैसे परत फिरण्याची शक्यता असते, आणि दावे तपासणारी एजन्सी ‘खात्याचा तपशील चुकीचा’ म्हणून प्रकरण बंद करून टाकते. ज्यांची बँक विलीन झाली आहे त्यांनी दावा पाठवण्यापूर्वी पासबुकावरचा नवा क्रमांक ताडून पाहावा, एवढे या निमित्ताने सर्वांना सांगतो.

आता तुमच्या कार्डाकडे येतो. बाहेरून सारखी दिसणारी ही कार्डे दोन जातींची असतात. बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या संस्थेने काढलेले, अनेक दुकानांत चालणारे प्रीपेड कार्ड असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. त्या नियमांप्रमाणे अशा कार्डाची मुदत किमान एक वर्षाची असावी लागते आणि मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला तशी सूचना द्यावी लागते. तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पण एखाद्या दुकानाने किंवा संकेतस्थळाने फक्त स्वतःकडच्या खरेदीसाठी काढलेले व्हाउचर असेल, तर ते काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही आणि वर्षभराच्या मुदतीचा तो नियमही त्याला लागू होत नाही. तुमचे कार्ड ६० दिवसांचे आणि एकाच दुकानाचे आहे, यावरून ते या दुसऱ्या जातीचे दिसते. तुमचा परतावा ज्या वाटेने पाठवला, त्या वाटेवर ग्राहकाला संरक्षण सर्वांत कमी आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

कार्डाचा कोड उघडून पाहिला असेल तर हरकत नाही, पण एक रुपयाही वापरू नका. मुदत चालू असतानाच ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने ‘हे कार्ड मला मान्य नाही, रक्कम सोबत दिलेल्या खात्यात भरावी’ असे कळवा. मुदत संपल्यावर नकार कळवला तर ‘वापरले नाही हा तुमचा दोष’ असे म्हणायला त्यांना जागा मिळते.

---

बाजारकरू, हिंगोली

ताई, राग मानू नका, पण २,५०० रुपयांसाठी शाळा सांभाळून एवढ्या चकरा मारणे परवडेल का? एखाद्या शहरातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर काहीतरी मागवून घ्या आणि विषय संपवा. मी तसेच केले होते.

---

जिंतूरकर शिक्षिका

राग नाही. पुण्याला माझा भाऊ आहे आणि त्याच्या पत्त्यावर मागवता येईल हे मलाही सुचले होते. पण मला त्या दुकानातले काही विकत घ्यायचे नाही, मला एक हप्ता फेडायचा आहे, आणि फायनान्स कंपनी गिफ्ट कार्ड घेत नाही. शिवाय दसऱ्याच्या त्या दुपारी माझ्यासमोर आणखी चौघांनी हाच जोड घेतला. त्यांतल्या दोघांना मी ओळखते. एकाने खोका जनावरांच्या गोठ्यात आडोशाला लावला आणि बारकोडची पट्टी भिजून गेली, त्यामुळे त्याने दावा केलाच नाही. दुसऱ्याला माझ्यासारखेच कार्ड आले आणि त्याच्याकडे ई-मेलच नाही. मी पैसे सोडून दिले तर त्या दोघांना काय सांगू?

---

दुकानदार, जालना

मी गेली एकोणीस वर्षे घरगुती विजेच्या उपकरणांचे दुकान चालवतो. ताईंचा दुकानदार मी नव्हे, पण त्याच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो आहे, म्हणून आतून ही पद्धत कशी चालते ते लिहितो.

कंपनीला किंमत उतरवायची असेल तर दोन वाटा असतात. एक म्हणजे आम्हाला कमी दराने माल देणे, म्हणजे पावतीवरच किंमत कमी दिसते. पण तसे केले की ती कमी किंमत बाजारात सगळ्यांना दिसते आणि हंगाम संपल्यावर पुन्हा वाढवताना अडचण होते. दुसरी वाट ग्राहकाला मागाहून परतावा देण्याची. तीत पावतीवरची किंमत तशीच राहते, जाहिरातीत कमी किंमत मिरवता येते, आणि जे ग्राहक दावा करत नाहीत किंवा ज्यांचा दावा नाकारला जातो त्यांचे पैसे कंपनीकडेच राहतात. या न मागितलेल्या पैशांचा अंदाज योजना आखतानाच केलेला असतो. प्रतिनिधी आमच्याशी बोलताना हे लपवतही नाहीत. सगळ्यांनी दावे केले तर योजना परवडणार नाही, असे एका प्रतिनिधीने माझ्या गल्ल्यासमोर बसून सांगितले होते. व्हाउचर दिले की याच गणिताचा दुसरा फेरा सुरू होतो, कारण दावा मंजूर झालेल्यांपैकीही काहीजण व्हाउचर वापरत नाहीत.

खोक्यावरची पट्टी मूळच का लागते, तर एकाच वस्तूवर दोनदा दावा होऊ नये म्हणून, आणि हे कारण खोटे नाही. आमच्या धंद्यात खोट्या पावत्या जोडून दावे करणारेही आहेत. पण पट्टी कापलेला खोका परत घ्यायला वितरक तयार नसतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बॅटरी सदोष निघाली तर ग्राहक दोन्हीकडून अडकतो. प्रत्येक बॅटरीवर स्वतंत्र क्रमांक असतो, तो वॉरंटीच्या नोंदीत जातो, आणि त्याच नोंदीवरून दुबार दावा ओळखता येतो. पट्टी मागण्याची गरज आता उरलेली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुकानदाराची जबाबदारी किती, हा प्रश्न ताईंनी संकोचाने विचारला आहे, त्याचे उत्तर मी संकोच न करता देतो. मीही अनेक वर्षे ‘तुम्हाला हे इतक्यालाच पडते’ असे म्हणत माल विकला. चार वर्षांपूर्वी मंठ्याच्या एका आजोबांनी फ्रीजच्या परताव्यासाठी माझ्या दुकानात पाच फेऱ्या मारल्या, एस.टी.चे भाडे घालून, आणि त्यांना परतावा मिळालाच नाही. शेवटी मी तो माझ्या खिशातून दिला. त्यानंतर मी परताव्याची रक्कम किमतीतून वजा करून सांगणे बंद केले. पावतीची किंमत हीच किंमत म्हणून सांगतो, परतावा कोण देणार, कधी आणि कोणत्या स्वरूपात हे पावतीच्या मागे मराठीत लिहून त्यावर शिक्का मारतो, आणि दावा दुकानातच ग्राहकाच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून भरून देतो. विक्री थोडी घटली, पण जत्रेत-बाजारात भेटलेला ग्राहक मला टाळत नाही.

तुमच्या दुकानदाराने किंमत २१,८०० सांगितली असेल तर त्याने ते लेखी द्यायला हवे. त्याचा त्यात तोटा नाही, कारण परतावा देणारी कंपनी आहे. लेखी दिल्यानेच त्याचा प्रामाणिकपणा दिसेल.

---

रंगकाम करणारा, लातूर

आमच्या कामात रंगाच्या डब्यात कूपन येते. पूर्वी ती कूपने साठवून दुकानात द्यावी लागत आणि दुकानदार त्यांचे पैसे कामाच्या सामानात वळते करून घेत असे. आता कूपनावरचा कोड मोबाइलने टिपला की रक्कम माझ्या खात्यात जमा झाल्याचा संदेश येतो, आणि मी तेव्हा शिडीवरच उभा असतो. रंगाच्या डब्याचे २० किंवा ५० रुपये जर असे देता येतात, तर बॅटरीचे २,५०० देण्यासाठी पोस्ट, पट्टी आणि नव्वद दिवस कशाला लागतात, हे मला खरोखरच समजत नाही.

---

अंबाजोगाईचा, सध्या परदेशातून परतलेला

टपालाने दावा पाठवून परतावा घेण्याची ही रीत अमेरिकेत फार जुनी आहे. मी तिथे नोकरीला असताना खोक्यावरची पट्टी कापून पाठवणे आणि सहा-आठ आठवडे वाट पाहणे हा संगणकाच्या दुकानांतला नित्याचा भाग होता. आधी धनादेश येत, नंतर त्यांची जागा मुदतीच्या प्रीपेड कार्डांनी घेतली, आणि कार्डावर शेवटी उरलेले दोन-चार डॉलर कुठेच खर्च करता येत नसत. दुकानदाराच्या जबाबदारीवरून एक गोष्ट आठवली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने २००५ साली कॉम्पयूएसए या दुकानसाखळीवर कारवाई केली होती. परतावे एका उत्पादकाने द्यायचे होते आणि ते वेळेवर दिले जात नव्हते. हे माहीत असूनही दुकाने त्या परताव्यांची जाहिरात करत राहिली, असा आयोगाचा आक्षेप होता. अर्थात तो तिथला कायदा आहे. आपल्याकडचे एखाद्या वकिलांनी सांगावे.

---

वकील, छत्रपती संभाजीनगर

ग्राहक आयोगापुढची प्रकरणे मी चालवतो, म्हणून विचारलेल्या प्रश्नांपुरतेच पण नीट लिहितो.

पहिला मुद्दा भाषेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत भक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्याच्याशी जोडलेली अट असली पाहिजे, अक्षरांचा ठसाही तोच असला पाहिजे, आणि अटीने महत्त्वाची माहिती दडवता कामा नये, असे त्यांत म्हटले आहे. तुमच्या पत्रकावर दावा ठळक मराठीत आहे आणि ‘किंवा व्हाउचर’ ही अट मागे बारीक इंग्रजीत आहे. शिवाय ही अट दाव्याचा खुलासा करत नाही, दाव्यालाच खोडून काढते, कारण रोख म्हटल्यावर व्हाउचर देता येत नाही. म्हणून ते पत्रक हा तुमचा मुख्य पुरावा आहे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे आजच काढून ठेवा.

याच प्रकारचे एक अलीकडचे उदाहरण सर्वांच्या उपयोगाचे आहे. रॅपिडो या प्रवासी सेवेने ‘५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा’ अशी जाहिरात केली होती. प्रत्यक्षात ५० रुपये रोख मिळत नव्हते, ‘५० पर्यंत’ रॅपिडो कॉइन मिळत होते, ते फक्त दुचाकीच्या फेरीसाठी वापरता येत होते आणि त्यांची मुदत सात दिवसांची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला १० लाख रुपयांचा दंड केला आणि ज्या ग्राहकांना कबूल केलेली रक्कम मिळाली नव्हती त्यांना ती देण्याचा आदेश दिला. रुपये म्हणून सांगायचे आणि मुदतीचे, एकाच ठिकाणी चालणारे काहीतरी द्यायचे, हे तुमच्या प्रकरणातही तसेच घडले आहे. तुमच्या तक्रारीत या आदेशाचा उल्लेख जरूर करा.

दुसरा मुद्दा कायद्याचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. भेट, बक्षीस किंवा अन्य काही देऊ करायचे पण सांगितल्याप्रमाणे द्यायचा हेतू नसायचा, हे त्या व्याख्येत बसते, आणि वस्तूच्या किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणेही बसते. २२,६०० चा दुसरा जोड सोडून तुम्ही हा घेतला, हे तुम्ही प्रश्नातच लिहिले आहे. ते वाक्य तक्रारीत जसेच्या तसे घाला, कारण जाहिरातीमुळे तुमचा निर्णय बदलला हे त्यातून दिसते. रद्द केलेल्या धनादेशाचा मुद्दाही घाला. खात्यात पैसे भरणार, असा समज कंपनीनेच करून दिला होता, याचा तो पुरावा आहे.

काय करावे याचा क्रम सांगतो. आज-उद्या कार्ड नाकारल्याचे पत्र पाठवा, वर नांदेडच्या सरांनी सांगितले आहे तसे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे स्पीड पोस्टानेच, पोचपावतीची सोय मागून पाठवा. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला जाऊ द्या, केवळ दावे तपासणाऱ्या एजन्सीला नव्हे. एजन्सीशी तुमचा कसलाच करार नाही. कंपनीने काम कोणाकडूनही करून घ्यावे, देणे तिचेच राहते. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण माझ्या पाहण्यातली कमी रकमेची बरीच प्रकरणे याच पायरीवर सुटली आहेत. पत्रात पंधरा दिवसांची मुदत द्या.

तेवढ्याने झाले नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे कंपनी परराज्यात आहे ही तुमची अडचण नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या पोर्टलवरूनही दाखल होते. आयोगाचा निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. व्यवहारात जास्त वेळ लागतो, तेव्हा त्या हिशेबाने धीर ठेवा. मागणीत २,५०० रुपये, त्यांवरचे व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असे वेगवेगळे लिहा.

ज्यांनी दावाच केला नाही त्या तुमच्या ओळखीच्या गृहस्थांसाठी वेगळी वाट आहे. अनेक ग्राहकांना बाधणाऱ्या जाहिरातीची तक्रार कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे करता येते. त्यातून त्यांच्या हाती लगेच रक्कम पडेल असे मी म्हणणार नाही, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते पत्रक पुढच्या दसऱ्याला त्याच रूपात काचेवर लागणार नाही.

दुकानदाराला विरुद्ध पक्ष करावे असे माझे मत आहे, त्याच्याविरुद्ध पैशांची मागणी न करता. विक्री त्याच्याकडून झाली आहे आणि २१,८०० हा आकडा तिथेच सांगितला गेला, त्यामुळे तो आयोगापुढे असणे सोयीचे ठरते. जालन्याच्या दुकानदारांनी सुचवले तसे त्याने आधीच लेखी दिले, तर त्याला जपणे तुमच्याच हातात राहील.

---

जिंतूरकर शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रविवारी मी परभणीला जाऊन आले. ही उत्तरे मोबाइलवर दुकानदारांना वाचून दाखवली. जालन्याच्या दादांचे उत्तर त्यांनी दोनदा वाचले आणि मग आपल्या दुकानाच्या कागदावर लिहून दिले की योजना वजा करून किंमत २१,८०० सांगितली होती, की व्हाउचरबद्दल कंपनीने त्यांनाही आधी कळवले नव्हते, आणि की ई-मेल पत्ता दुकानाचा होता. त्यांच्याकडे त्या पत्रकांचा अर्धा गठ्ठा शिल्लक होता, त्यांतली तीन मी घेऊन आले.

नकाराचे पत्र आज दुपारच्या सुट्टीत स्पीड पोस्टाने पाठवले. कार्डाची मुदत संपायला अजून एकोणतीस दिवस आहेत. १९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. ज्यांच्याकडे ई-मेल नाही त्या गृहस्थांचे पत्रही मीच लिहिले आणि त्यांनी सही केली. एवढेच विचारायचे आहे की आम्हा दोघांची तक्रार आयोगात एकत्र करावी की वेगवेगळी?

---

वकील, छत्रपती संभाजीनगर

वेगवेगळी करा. एकत्र करायची तर आयोगाची परवानगी मागावी लागते आणि तिथेच वेळ जातो. पावत्या दोन आहेत, दावे दोन आहेत, शुल्क दोन्हींना नाही. पत्रक मात्र एकच आहे, म्हणून तीन प्रतींपैकी एक तुमच्या तक्रारीला आणि एक त्यांच्या तक्रारीला जोडा, आणि तिसरी घरी ठेवा.